घरगुती फीटल डॉपलर घ्यावा का? यंत्राचं आणि त्यामागच्या धास्तीचं परीक्षण

पोटातल्या बाळाचे ठोके घरच्या घरी ऐकवणारं छोटं यंत्र आता ऑनलाइन दुकानांत सहज मिळतं. मुठीत मावेल एवढं, सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारं. किंमत साधारण दोन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत. घेणाऱ्या बऱ्याच जणी ते हौसेपोटी घेत नाहीत. मागची सोनोग्राफी होऊन पंधरा दिवस झालेले असतात, पुढची तारीख महिनाभर लांब असते, आणि मधल्या रात्री ‘आत सगळं ठीक असेल ना’ हा प्रश्न डोळ्याला डोळा लागू देत नाही. म्हणून या परीक्षणात दोन गोष्टी पाहिल्या आहेत. यंत्र ठोके कितपत खरे पकडतं, आणि ते घरात आल्यावर धास्ती कमी होते का. पहिल्याचं उत्तर आहे, शिकलेल्या हातात चांगले पकडतं. दुसऱ्याचं उत्तर आहे, फार तर तासाभरापुरती कमी होते, आणि मग पहिल्याहून जास्त जोराने परत येते.

आधी यंत्राबद्दल. खोक्यात एक हातात धरायचं युनिट असतं, त्याला वायरने जोडलेला किंवा त्यातच बसवलेला प्रोब (पोटावर टेकवायचा भाग), आणि कधी जेलची छोटी बाटली. प्रोबमधून माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात जातात. हलणाऱ्या वस्तूवर आपटून परतताना त्यांची वारंवारता थोडी बदलते, आणि हा फरक यंत्र ऐकू येईल अशा आवाजात बदलून स्पीकरवर सोडतं. म्हणजे आपण जे ऐकतो ते बाळाच्या हृदयाचा मूळ आवाज नसून, आत काहीतरी लयीत हलतंय याची यंत्राने बनवलेली खूण असते. हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण पोटात लयीत हलणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्यातल्या बऱ्याच आईच्या स्वतःच्या असतात.

प्रोब २ मेगाहर्ट्झचा किंवा ३ मेगाहर्ट्झचा असतो. ३ चा प्रोब कमी खोलीवर स्पष्ट ऐकवतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत आणि सडपातळ बाईला तो बरा. २ चा जास्त खोल जातो, म्हणून पुढच्या महिन्यांत किंवा पोटावर चरबी जास्त असेल तर तो उपयोगी. जाहिरातीत हा आकडा बारीक अक्षरात असतो, काही ठिकाणी नसतोच. जिथे तो दिलेला नाही ते यंत्र विचारात घेऊ नये. मोबाइलच्या नुसत्या माइकवर बाळाचे ठोके ऐकवण्याचा दावा करणारी ॲप तर सरळ सोडून द्यावीत. माइकमधून ध्वनिलहरी पोटात जात नाहीत, त्यामुळे ऐकू येतो तो बहुधा आईच्या शरीराचा किंवा कापड घासल्याचा आवाज.

आता या खरेदीतली सगळ्यात मोठी अडचण. हे यंत्र बहुतेक वेळा दहाव्या ते अठराव्या आठवड्याच्या दरम्यान घेतलं जातं. कारण उघड आहे. उलट्या-मळमळ ओसरू लागलेली असते, म्हणजे ‘दिवस गेलेत’ याची रोजची खूण नाहीशी होते, आणि बाळाची हालचाल अजून जाणवत नसते. पहिलटकरणीला ती साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला दोनेक आठवडे आधी. वार (बाळाला नाळेतून पोसणारा, गर्भाशयाला चिकटलेला भाग) पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशीर होतो, कारण लाथ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये तिची गादी येते. या मधल्या मुक्या आठवड्यांत धास्ती सगळ्यात जास्त असते, आणि नेमकं याच काळात यंत्र सगळ्यात कमी भरवशाचं असतं. बाराव्या आठवड्यात गर्भाशय जघनाच्या हाडाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी समोर हाताला लागणाऱ्या हाडाच्या, जेमतेम वर आलेलं असतं. बाळ अंगठ्याएवढं, त्याचं हृदय त्याहून कितीतरी लहान, आणि ते सतत जागा बदलतं. दवाखान्यातल्या अनुभवी हातालाही या वेळी ठोके सापडायला कधी कधी पाच-सात मिनिटं लागतात आणि कधी सापडतच नाहीत. तिथे निदान सोनोग्राफीचं यंत्र शेजारी असतं. घरी रात्री साडेअकराला काहीच नसतं. पुढे विसाव्या आठवड्यानंतर यंत्र बऱ्यापैकी चालायला लागतं, पण तोवर बाळ स्वतःच लाथा मारून हजेरी द्यायला लागलेलं असतं.

ठोके न सापडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. वार पुढे असणं, गर्भाशय मागच्या बाजूला कललेलं असणं, पोटावरची चरबी, तारखांचा हिशेब आठवडाभर पुढेमागे असणं, जेल कमी पडणं, सेल उतरलेले असणं, प्रोब बेंबीजवळ धरणं. शेवटची चूक सर्रास होते. पोट म्हटलं की हात बेंबीकडे जातो, पण गर्भाशय बेंबीपर्यंत पोचायला विसावा आठवडा उजाडतो. यातलं एकही कारण बाळाला धोका असल्याचं नसतं. पण खरखर आणि शांतता ऐकणाऱ्या बाईला त्या क्षणी एकच अर्थ सुचतो.

सापडलेल्या आवाजांचाही गोंधळ होतो, आणि तो जास्त गंभीर आहे. बाळाचं हृदय वेगाने दौडणाऱ्या घोड्याच्या टापांसारखं ऐकू येतं, दुहेरी आणि कोरडं. वारेकडे जाणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्यांचा आवाज वाऱ्याच्या झोतासारखा, सूऽऽ सूऽऽ असा, आणि तो आईच्या नाडीच्या लयीत चालतो. नाळेतल्या रक्ताचाही झोतासारखाच आवाज येतो, पण तो बाळाच्या वेगाने. आईच्या पोटातली मोठी धमनी जड, संथ ठोके देते. आतड्यांची गुरगुर आणि बाळाच्या हालचालीची धपधप वेगळीच. हे कान तयार व्हायला परिचारिकेला सरावाचे कित्येक महिने लागतात. खोक्यातल्या माहितीपत्रकाच्या दोन पानांत ते शिकवता येत नाही.

पडद्यावर आकडा येतो ना, मग आवाज ओळखायची गरज काय, असं वाटू शकतं. त्या आकड्यानेच जास्त फसगत होते. बाळाचे ठोके नवव्या-दहाव्या आठवड्यात मिनिटाला १७० च्या आसपास असतात, मग हळूहळू उतरतात, आणि शेवटच्या तिमाहीत ११० ते १६० हे नेहमीचे मानले जातात. बाईची नाडी एरवी ७०-८० असली तरी गरोदरपणात ती दहा ते वीस ठोक्यांनी वाढते. त्यात धास्ती, अंगातलं रक्त कमी असणं, उताणं पडून राहिल्याने आलेली घाबराघुबरी यांची भर पडली की आईची नाडी १२० सहज गाठते. यंत्राला कोणाचं हृदय ते कळत नाही. पन्नास-साठपासून दोनशेच्या पुढेपर्यंत जी लय सापडेल तिचा आकडा ते तितक्याच ठामपणे दाखवतं. म्हणजे जी बाई जास्तीत जास्त घाबरलेली असते, तिच्या बाबतीत आईच्या ठोक्यांना बाळाचे ठोके समजण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आणखी एक खोड आहे दुप्पट आणि निमपट मोजण्याची. एका ठोक्यात हृदयाची भिंत आणि झडपा दोनदा हलतात. दोन्ही हालचाली सारख्याच जोराच्या भासल्या तर यंत्र एकाचे दोन मोजतं, आणि आईची ७० ची नाडी पडद्यावर १४० दिसते. उलट बाळाच्या १६० मधला प्रत्येक दुसरा ठोका निसटला तर ८० दिसतात, आणि घरात रडारड होते. दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रांतही हा दोष असतो. म्हणून तिथे आईची नाडी वेगळी मोजायची पद्धत आहे. खोक्यावर लिहिलेली एक-दोन ठोक्यांची अचूकता योग्य आवाज सापडला असेल तरच खरी.

या आकड्यावरून मुलगा की मुलगी ओळखायचे आडाखे घरोघरी चालतात. १४० च्या वर मुलगी, खाली मुलगा, वगैरे. त्याला कसलाही आधार नाही. यंत्र लिंग सांगू शकत नाही, आणि लिंगनिदान करणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सुनेला शेजारी बसवून आकडा बघणाऱ्या घरात हे यंत्र तिच्या धास्तीत नवी भर घालतं. तेवढ्या एका कारणासाठीही ते त्या घरात येऊ नये.

यंत्र आधीच घेतलेलं असेल आणि ते वापरायचंच असेल, तर निदान नीट वापरा. सोळाव्या आठवड्याआधी लावू नका. पुढच्या तपासणीला यंत्र सोबत न्या आणि डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून ठोके कुठे ऐकू येतात ती जागा दाखवून घ्या. लावण्याआधी लघवी करून या. उताणं सपाट झोपू नका. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाचं वजन पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येतं, रक्तदाब उतरतो, नाडी वाढते, घाम फुटतो, आणि मग तीच वाढलेली नाडी यंत्रात ऐकू येते. पाठीमागे दोन उशा घेऊन अर्धवट टेकून बसा आणि उजव्या कुशीखाली घडी केलेली चादर घाला. जेल चमचाभर तरी हवं. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी लहरी अडतात. खोबरेल तेल, व्हॅसलीन वापरू नका, त्याने प्रोबची कड आणि वायर खराब होते. जेल लावलेल्या प्रोबवरून बोट हलकेच फिरवून बघा. खरखर आली तर यंत्र चालू आहे, नाही आली तर आधी सेल बदला.

सोळा ते वीस आठवड्यांत प्रोब जघनाच्या हाडाच्या दोन बोटं वर, मध्यरेषेवर ठेवा आणि खाली पायांकडे कलवा. जागा बदलत पोटभर फिरवू नका. एकाच ठिकाणी ठेवून कोन हळूहळू बदला, कंदिलाचा झोत फिरवावा तसा. सातव्या महिन्यानंतर ठोके बाळाच्या पाठीच्या बाजूने चांगले येतात, म्हणजे बाळाचं डोकं खाली असेल तर बहुधा बेंबीच्या खाली, डाव्या किंवा उजव्या अंगाला. त्याच वेळी दुसऱ्या हाताने स्वतःच्या मनगटावर नाडी धरा. यंत्रातला ठोका आणि बोटाखालचा ठोका एकत्र पडत असतील तर ते ठोके तुमचे आहेत, आकडा कितीही असो. ही एक कसोटी माहितीपत्रकात ठळक छापलेली असती तर निम्मे गोंधळ टळले असते. पाच मिनिटांत काही सापडलं नाही तर थांबा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये घरगुती वापराविरुद्ध इशारा दिला, तो याच संदर्भात. या लहरींनी ऊती किंचित तापू शकतात, काही ऊतींत सूक्ष्म बुडबुडे होऊ शकतात, आणि घरी लावणाऱ्यावर वेळेचं बंधन नसतं. वैद्यकीय कारणासाठी शिकलेल्या माणसाने मिनिटभर लावणं वेगळं आणि रोज रात्री वीस मिनिटं पोटावर फिरवणं वेगळं.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ सुखरूप आहे, असं नाही. बाळाला प्राणवायू कमी पडू लागला की ते आधी हालचाल कमी करतं. हातपाय थांबवून हृदय आणि मेंदूसाठी वाचवतं. हृदय शेवटपर्यंत चालत राहतं, बरेचदा नेहमीच्याच वेगाने. दवाखान्यात एनएसटी (बाळाच्या ठोक्यांवर काही वेळ लक्ष ठेवणारी तपासणी) करतात तेव्हा कमीत कमी वीस मिनिटांचा आलेख काढतात. ठोके हालचालीबरोबर वाढतात का, मधली चढउतार किती, हे त्यात बघतात. बत्तिसाव्या आठवड्यानंतर वीस मिनिटांत निदान दोनदा, ठोके पंधराने वाढून पंधरा सेकंद टिकले पाहिजेत, असा निकष आहे. घरच्या पडद्यावरचा ‘१४२’ यातलं काहीच सांगत नाही. इंग्लंडमधली एक नोंद २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली गेली. ३८ आठवड्यांच्या गरोदर बाईला शुक्रवारी हालचाल कमी जाणवली. घरच्या डॉपलरवर ठोके ऐकून तिला धीर आला. सोमवारी ती रुग्णालयात गेली तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं. तिला ऐकू आला तो बहुधा तिचाच ठोका किंवा वारेतला प्रवाह. या यंत्राबद्दल डॉक्टर आणि परिचारिका इतक्या कळकळीने बोलतात ते यामुळे. नुसतं निरुपयोगी यंत्र माळ्यावर टाकता येतं, पण हे खोटा धीर देतं आणि दवाखान्यात जायचे महत्त्वाचे तास खातं.

म्हणून नियम एकच, आणि तो यंत्र घरात असलं तरी बदलत नाही. हालचाल कमी वाटली तर डॉपलर काढू नका, दवाखान्यात जा. ठोके ऐकू आले तरी जा.

हालचाल ओळखायची कशी, यात कसली गुंतागुंत नाही. २४ आठवडे पूर्ण होऊनही एकदाही हालचाल जाणवली नसेल तर दाखवा. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक बाळाची एक सवय बसते. कुणी जेवणानंतर हलतं, कुणी रात्री आई आडवी झाल्यावर. दुसऱ्या बाईच्या बाळाशी तुलना करू नका, आपल्या बाळाची सवय ओळखा. हालचाल खरंच कमी झाली का हे नक्की सांगता येत नसेल, तरच डाव्या कुशीवर पडा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि दोन तास फक्त तिकडे लक्ष द्या. लाथ, वळणं, ढुशी, सगळं मोजायचं; उचकी मोजायची नाही. दोन तासांत दहा वेगवेगळ्या हालचाली झाल्या नाहीत तर लगेच निघा, सकाळची वाट बघू नका. बाळ पोटात वीस ते चाळीस मिनिटांच्या झोपा काढतं, एक झोप दीड तासाच्या पुढे सहसा जात नाही. दोन तासांचा हिशेब त्यातून आला आहे. ‘शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं’ हे वडीलधाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं आणि ते चूक आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळणं जास्त जाणवतात, पण संख्या कमी होता कामा नये. ‘गार सरबत पी, हलेल’ म्हणून तासन् तास घालवणंही तसंच. सरकारी रुग्णालयात न्यायला १०२ ही गाडी मोफत आहे, तातडीला १०८. पाणी जाणं, रक्त जाणं, पोटात सतत कळ, डोकं फुटल्यासारखं दुखणं किंवा डोळ्यांपुढे चमकणं, यांनाही हाच नियम.

याउलट टोकही सांगायला हवं. दिवसभर वहीत लाथांच्या रेघा मारत बसणं हेही धास्तीचं दुसरं रूप होऊ शकतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३३ रुग्णालयांत झालेला मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हालचालींबद्दल बायकांना सावध करणं आणि आल्यावर ठरावीक तपासण्या करणं, असा तो कार्यक्रम होता. त्याने मृतजन्म ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं नाही, कळा आणवणं आणि सिझेरियन मात्र वाढले. म्हणून रोजची मोजणी डॉक्टरांनी सांगितली असेल तरच करावी. बाकीच्यांनी सवय ओळखावी आणि ती मोडली की निघावं.

मग धास्तीचं काय? यंत्र ज्या कारणासाठी घेतलं ते राहिलंच.

गरोदरपणातली काळजी हा मनाचा कमकुवतपणा नाही आणि ती दुर्मीळही नाही. २०१७ मध्ये ३४ देशांतले १०२ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सुमारे १५ टक्के गरोदर बायकांना आजार म्हणता येईल अशी चिंता आढळली. नुसती लक्षणं असणाऱ्या याहून जास्त. आधी गर्भपात झालेल्या, उपचारांनी दिवस राहिलेल्या, माहेर लांब असलेल्या, घरात मारहाण किंवा मुलाचा आग्रह सोसणाऱ्या बायकांना ती जास्त गाठते. ‘काही होत नाही, आम्हाला नाही का झाली पोरं’ या वाक्याने ती कमी होत नाही. बाई फक्त बोलायची थांबते.

डॉपलर इथे का हरतो, हे समजून घेण्यासारखं आहे. शंका येते, ठोके ऐकले जातात, सुटका वाटते. मेंदू त्यातून शिकतो की आपण तपासलं म्हणून संकट टळलं. मग पुढची शंका लवकर येते आणि आधीपेक्षा छोट्या कारणाने येते. सकाळी एकदा लावलेलं यंत्र आठवड्याभरात दिवसातून चार वेळा निघतं. ठोके एकदा लवकर सापडले नाहीत की रात्र जाते. इंटरनेटवर लक्षणं शोधणं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा मेसेज करणं, दर आठवड्याला सोनोग्राफीचा हट्ट, सगळ्याची घडण हीच आहे. खात्री मिळवण्याच्या प्रत्येक फेरीने खात्रीची भूक वाढते.

यातून बाहेर पडायची रीत हळूहळू सोडण्याची आहे. यंत्र घरात असेल तर ते नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या ताब्यात द्या. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदाच, वेळ ठरवून. दुसऱ्यात एक दिवसाआड. तिसऱ्यात आठवड्यातून एकदा. मग बंद. मधे उबळ आली तर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा, दुसऱ्या दिवशी वीस, मग चाळीस. उबळ लाटेसारखी चढते आणि न तपासताही उतरते, हे अंगाला कळणं हाच उपचार आहे. मात्र हा थांबण्याचा नियम फक्त मनातल्या शंकेसाठी. हालचाल कमी होणं, रक्त, पाणी, कळ यांसाठी एक मिनिटही थांबायचं नाही. घरातल्यांनीही हा भेद पाठ करावा.

छातीत धडधड सुरू झाली की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब ठेवला की नाडी उतरते. श्वास रोखून धरायचे प्रकार गरोदरपणात नकोत. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत कळस गाठून ओसरतो, हे आधीच माहीत असलं तर दुसरा झटका सौम्य जातो. रात्रीच्या विचारांसाठी संध्याकाळी पाचची वीस मिनिटं राखून ठेवा. मनात येईल ते वहीत लिहा, आणि त्यातला डॉक्टरांना विचारायचा प्रश्न वेगळा काढा. तपासणीच्या खोलीत घाईत विसरायला होतं, वहीतला प्रश्न विसरत नाही.

सगळी धडधड मनाचीच समजू नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली, थायरॉइड जास्त चालणं, दिवसभरात पाच-सहा कप चहा, यांनीही हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते. रक्ताचा रिपोर्ट आधी बघून घ्या. धडधडीबरोबर धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

मदत घ्यायची वेळ आली का, हे ओळखायला दोन प्रश्न पुरेसे होतात. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ, घाबरल्यासारखं, तणावात किती वेळा वाटलं? आणि काळजी थांबवता किंवा आवरता आली नाही असं किती वेळा झालं? कधीच नाही याला शून्य, काही दिवस याला एक, निम्म्याहून जास्त दिवस याला दोन, जवळपास रोज याला तीन. बेरीज तीन किंवा जास्त आली तर हा विषय पुढच्या तपासणीत आपणहून काढा. ‘ठोके बघा’ म्हणण्याऐवजी ‘मला काळजी आवरत नाही’ असं म्हणा. पहिल्या वाक्याने डॉक्टर डॉपलर उचलतात, दुसऱ्याने तुमच्याकडे बघतात. समुपदेशन, विशेषतः विचार आणि वागणूक बदलण्याची बोधवर्तन उपचारपद्धती, गरोदरपणात सुरक्षित आहे आणि यावर उपयोगी पडते. काहींना औषध लागतं. आधीपासून चिंतेचं किंवा नैराश्याचं औषध चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच ते आपल्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्याने आजार उसळतो. कोणतं चालू ठेवायचं, किती, हे डॉक्टर ठरवतात.

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे. क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. नाव सांगायचं नसेल तरी चालतं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी हा क्रमांक लावा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवा.

मुक्या आठवड्यांसाठी, म्हणजे बाराव्यापासून विसाव्यापर्यंत, आमची सूचना यंत्राऐवजी भेटीची आहे. आधी गर्भपात झाला असेल किंवा काळजी आवरत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं ठोके ऐकवाल का. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. गावात उपकेंद्रावर एएनएम ताईंकडे बरेचदा डॉपलर असतो, नसला तर विसाव्या आठवड्यानंतर साधा फीटोस्कोपही (पोटाला लावून कानाने ठोके ऐकायचं साधन) पुरतो, आणि कोणत्या दिवशी जायचं ते आशाताई सांगतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. घरचं आणि तिथलं यंत्र तत्त्वाने एकच. फरक धरणाऱ्या हातात आहे, आणि काही सापडलं नाही तर पुढे काय करायचं हे त्या हाताला माहीत असण्यात आहे.

गुण द्यायचे तर यंत्र म्हणून, ३ मेगाहर्ट्झचा वायरवाला प्रोब असलेल्या चांगल्या नमुन्याला पाचपैकी तीन. प्रोब आतच बसवलेल्या स्वस्त नमुन्यांना दोन, कारण त्यांचा कोन सहज बदलता येत नाही आणि स्पीकरची खरखर प्रोबमध्ये परत शिरते. काळजीवरचा उपाय म्हणून दोन्हींना शून्य. ऑर्डर करून अजून खोकं फोडलं नसेल तर परत पाठवा. जेलची बाटली उघडल्यावर बरेच विक्रेते परत घेत नाहीत. फोडलं असेल तर सेल काढून ठेवा, आणि पुढच्या तपासणीची तारीख दोन आठवडे अलीकडे मिळते का, ते उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून विचारा.